लाकडी जमीन घासण्यापूर्वीचा सल्ला : न्यू जर्सीत हा छोटा व्यवसाय कसा सुरू करावा

न्यू जर्सीच्या जुन्या उपनगरांत, विशेषतः दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन दशकांत बांधलेल्या घरांत, गालिचा कोपऱ्यातून उचलला की खाली बहुधा ओक लाकडाच्या सव्वादोन इंची पट्ट्या सापडतात. नुकतेच घर घेतलेल्या कुटुंबाला त्या पाहून आनंद होतो आणि सामान येण्यापूर्वी सगळी जमीन घासून नवे पॉलिश करून घ्यावे, हे अनेकदा त्याच दिवशी ठरते. दोन-तीन कंत्राटदारांचे दर घाईने मागवले जातात, सर्वांत कमी दर स्वीकारला जातो आणि चार दिवसांत काम उरकते. पुढे काही महिन्यांनी पॉलिशचे पापुद्रे निघू लागतात, खिडकीतून तिरपे ऊन आले की मशीनच्या लाटा दिसतात, किंवा हिवाळ्यात प्रत्येक पट्टी मध्यभागी फुगीर झालेली जाणवते. हा लेख अशा कुटुंबांना वेळीच सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू करू इच्छिणाऱ्या, पण या क्षेत्रात नवीन असलेल्या मराठी वाचकांसाठी आहे.

या व्यवसायाची गरज समजण्यासाठी एक हिशेब लक्षात ठेवावा. अखंड लाकडाची पट्टी साधारण १९ मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंच जाड असते. परंतु शेजारच्या पट्टीच्या खोबणीत बसणारी तिची जीभ मध्यावर असल्यामुळे घासण्याजोगे लाकूड जिभेच्या वर जेवढे असते तेवढेच, म्हणजे सहा ते आठ मिलिमीटर असते. एका पूर्ण घासकामात सुमारे पाऊण मिलिमीटर लाकूड जाते आणि अननुभवी हाताखाली त्याहून बरेच अधिक. भिंतीचा रंग बिघडला तर वर दुसरा हात देता येतो, पण घासून गेलेले लाकूड परत येत नाही. म्हणून येथील सल्ल्याला किंमत असते ती मशीन सुरू होण्यापूर्वी.

मी हे स्वतःच्या घरातून शिकलो. आमच्या बैठकीच्या खोलीतील पट्ट्यांच्या कडा उन्हाळ्यात किंचित वर आल्या होत्या आणि मधला भाग खोलगट झाला होता. कंत्राटदाराने ऑगस्टमध्ये ती सगळी जमीन घासून सपाट केली आणि आम्ही समाधानाने पैसे दिले. खरे कारण तळघरातील ओल हे होते: पट्ट्यांचा खालचा भाग ओला राहून फुगला होता. हिवाळ्यात हीटिंग सुरू झाल्यावर खालचा भाग सुकला, पट्ट्या मूळ आकाराला आल्या आणि घासून पातळ झालेल्या कडा खाली बसल्यामुळे मध्य उंच राहिला. आधी कोणी तळघरात पाच मिनिटे उतरून पाहिले असते, तर ओल काढणारे यंत्र लावून काही महिने थांबणे एवढाच उपाय पुरेसा ठरला असता.

पहिली पायरी : नेमके काय विकायचे ते ठरवणे

या विषयाभोवती अनेक सेवा उभ्या करता येतात. काम सुरू होण्यापूर्वी जमीन तपासून लेखी अहवाल देणे, कंत्राटदारांच्या दरपत्रकांची तुलना करून कामाचा तपशील लिहून देणे, काम चालू असताना ठरलेल्या टप्प्यांवर पाहणी करणे, रंगाचे नमुने त्याच जमिनीवर तयार करून दाखवणे आणि काम झाल्यावर वर्षानुवर्षे देखभालीचा सल्ला देणे, असे हे पर्याय आहेत. नवीन माणसाने पहिल्या दोन सेवांपासून सुरुवात करावी, कारण त्यांना भांडवल थोडे लागते आणि ग्राहकाचा सर्वांत मोठा तोटा नेमका त्याच टप्प्यावर टळतो.

एक बंधन मात्र पहिल्या दिवसापासून स्वतःवर घालून घ्यावे: कोणत्याही कंत्राटदाराकडून दलाली घेऊ नये आणि स्वतः घासकामही करू नये. ज्याला मशीन भाड्याने आणून पैसे मिळवायचे आहेत, तो माणूस “ही जमीन अजून घासायची गरज नाही” हे वाक्य सहजपणे बोलू शकत नाही. आणि अनेक घरांत नेमके हेच वाक्य सर्वांत उपयोगी असते. पॉलिश केवळ वरवर झिजले असेल आणि लाकूड उघडे पडले नसेल, तर जुना थर बारीक जाळीने खरवडून त्यावर एक नवा हात दिला तरी पुरते. त्याला पूर्ण घासकामाच्या मानाने बराच कमी खर्च येतो आणि लाकूड मुळीच जात नाही.

दुसरी पायरी : जमीन वाचायला शिकणे

संपूर्ण व्यवसाय या कौशल्यावर उभा आहे, म्हणून येथे सर्वाधिक वेळ द्यावा. सुरुवातीला लागणारी साधने थोडीच आहेत: लाकडातील ओलावा मोजणारे टाचण्यांचे मीटर, हवेतील आर्द्रता दाखवणारे छोटे यंत्र, प्रखर टॉर्च, मिलिमीटरची पट्टी, पांढरे सुती कापड, आणि स्पिरिट (डिनेचर्ड अल्कोहोल) व मिनरल स्पिरिट (रंग पातळ करण्याचे पेट्रोलियमजन्य द्रव्य) यांच्या दोन लहान बाटल्या.

प्रथम जाडी पाहावी. जमिनीत बसवलेली हीटिंगची जाळी उचलली की पट्टीची कापलेली कड उघडी दिसते आणि जिभेच्या वर किती लाकूड शिल्लक आहे ते थेट मोजता येते. जाळी नसेल तर दाराचा उंबरठा काढून पाहावे. काही जुन्या घरांत पट्ट्या केवळ आठ मिलिमीटर जाड असून वरून खिळ्यांनी ठोकलेल्या असतात. तेथे जोरकस घासकाम केल्यास खिळ्यांची डोकी उघडी पडतात. नव्या घरांत अनेकदा प्लायवूडवर खऱ्या लाकडाचा पातळ थर चिकटवलेली पट्टी असते. तो थर काही ठिकाणी सहा मिलिमीटर असतो, तर काही ठिकाणी एक मिलिमीटरसुद्धा नसतो. थर दोन मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर पूर्ण घासकाम करू नये, असे अहवालात स्पष्ट लिहावे.

त्यानंतर जुने पॉलिश कोणते आहे ते ओळखावे. कपाटामागच्या कोपऱ्यात पाण्याचे दोन थेंब टाकून काही मिनिटे थांबावे. थेंब तसाच उभा राहिला तर पॉलिश शाबूत आहे. पाणी हळूहळू मुरून डाग गडद झाला तर ते झिजले आहे. टाकताक्षणी मुरले तर लाकूड उघडे आहे. स्पिरिटने थर चिकट होऊन विरघळू लागला तर ते लाखेचे पॉलिश समजावे. आपल्याकडच्या सुतारांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरलेली ही लाख भारतातून जगभर जात असे आणि अमेरिकेतील जुन्या घरांच्या जमिनींवरही ती सापडते. मिनरल स्पिरिटने ओले केलेल्या कापडावर पिवळट तपकिरी मळ आला तर मेण आहे असे मानावे. मेण, तेलकट साबण किंवा सिलिकॉनयुक्त चकाकीद्रव्य वर्षानुवर्षे लावलेल्या जमिनीवर नुसता नवा हात दिला तर तो धरत नाही, त्यात माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात किंवा तो सालीसारखा सुटतो. म्हणून घरमालकाला “आजवर जमीन कशाने पुसली?” हा प्रश्न न चुकता विचारावा आणि जुन्या मालकाने सिंकखाली ठेवलेल्या बाटल्याही पाहाव्यात.

ओलाव्याची तपासणी खोलीत एकाच ठिकाणी करून चालत नाही. स्वयंपाकघर, बाथरूमजवळचा भाग, बाहेरच्या दाराशेजारची जागा आणि खोलीचा मध्य अशा अनेक ठिकाणी मोजून आकडे लिहून ठेवावेत. हीटिंग असलेल्या घरात लाकडाचा ओलावा साधारण सहा ते नऊ टक्क्यांच्या दरम्यान असतो. एखाद्या भागात तो बराच अधिक आढळला तर गळती, तळघर किंवा जमिनीखालची मोकळी जागा तपासावी आणि कारण दूर होऊन आकडे स्थिर होईपर्यंत घासकाम पुढे ढकलण्याचा सल्ला द्यावा. कोकणात पावसाळ्यात दारे फुगून चौकटीत अडकतात आणि उन्हाळ्यात मोकळी होतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला हे समजायला वेळ लागत नाही. फरक इतकाच, की न्यू जर्सीत दमट उन्हाळा असतो आणि हीटिंगमुळे हवा कोरडी होते ती हिवाळ्यात. त्यामुळे हिवाळ्यात पट्ट्यांमध्ये बारीक फटी दिसणे स्वाभाविक आहे आणि त्या लाकडी भुशाच्या लुगदीने भरल्या तर उन्हाळ्यात ती चिरडून बाहेर येते, हेही ग्राहकाला आधीच सांगावे.

डागांबाबत खोटी आशा दाखवू नये. ओकमधील टॅनिन या नैसर्गिक तुरट द्रव्याचा लोखंडाशी व ओलाव्याशी संबंध आला की खिळ्यांभोवती काळी वर्तुळे उमटतात, आणि पाळीव प्राण्यांच्या मूत्राचे काळे डाग लाकडात खोल जातात. असे डाग घासून जातील असे कंत्राटदार म्हणत असेल, तर “न गेल्यास पट्ट्या बदलण्याचा दर किती?” हे लेखी घ्यायला सांगावे.

धोक्याच्या तपासणीत तडजोड नसावी. अमेरिकेत घरगुती वापराच्या शिसेयुक्त रंगावर १९७८ साली बंदी आली. त्याआधीच्या घरात रंगवलेल्या पृष्ठभागावर ठरावीक मर्यादेपलीकडे काम करणाऱ्या संस्थेकडे केंद्रीय पर्यावरण खात्याचे प्रमाणपत्र असणे २०१० पासून बंधनकारक आहे. जुन्या वार्निशमध्ये आणि भिंतीच्या तळाशी लावलेल्या रंगीत कडपट्ट्यांत शिसे असू शकते आणि मशीन ते बारीक धुळीच्या रूपात सगळ्या घरात पसरवते; रांगणारे मूल असलेल्या घरात याचा परिणाम फार गंभीर होतो. तसेच ओकवर नऊ इंची चौकोनी टाइल्स आणि काळा डांबरी गोंद आढळला तर त्यात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता गृहीत धरावी. स्वतः खरवडून नमुना काढू नये. परवानाधारक तपासनीसाकडे पाठवावे आणि तोपर्यंत मशीन आत येऊ देऊ नये.

तिसरी पायरी : काम कसे बिघडते हे हाताने समजून घेणे

स्वतः घासकाम विकायचे नसले तरी ते एकदा करून पाहिलेच पाहिजे. ओकच्या जुन्या पट्ट्या प्लायवूडवर ठोकून एक चौरस तयार करावा, मशीन एका दिवसासाठी भाड्याने आणावे आणि ३६, ६०, ८० आणि १०० नंबरचा सँडपेपर क्रमाने वापरून पाहावा. मधला नंबर गाळला तर खरखरीत पेपरचे ओरखडे तसेच राहतात आणि रंग चढवल्यावरच डोळ्यांत भरतात. ड्रमचे मशीन चालू असताना एका जागी थांबले तर खळगा पडतो. भिंतीलगतच्या गोल मशीनने अर्धवर्तुळाकार खुणा उमटतात. आणि कडेचा व मधला भाग वेगवेगळ्या बारकाईने घासला गेला तर रंग चढवल्यावर खोलीभोवती चौकट काढल्यासारखी दिसते. या खुणा स्वतःच्या हातून एकदा उमटल्या की दुसऱ्याच्या कामातील चटकन ओळखता येतात.

औपचारिक शिक्षणासाठी नॅशनल वूड फ्लोअरिंग असोसिएशन ही अमेरिकेतील व्यवसायसंघटना उपयोगी आहे. १९८५ साली स्थापन झालेली ही संस्था प्रशिक्षण देते, मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध करते आणि प्रमाणित तपासनीस होण्याचा मार्गही उपलब्ध करून देते. तिच्या तत्त्वांपैकी एक नवीन सल्लागाराने कायम लक्षात ठेवावे: पूर्ण झालेली जमीन उभे राहून आणि नेहमीच्या उजेडात पाहायची असते. गुडघ्यावर बसून टॉर्च तिरपी मारली तर उत्तम कामातही दोष दिसतात आणि ग्राहक कंत्राटदाराशी विनाकारण भांडतो. टॉर्च रंग चढण्यापूर्वीच्या पाहणीसाठी, जेव्हा दोष दुरुस्त करता येतो तेव्हा वापरावी.

चौथी पायरी : कामाचा तपशील लिहून देणे

तीन दरपत्रकांत “घासणे व पॉलिश” एवढेच लिहिलेले असेल तर त्यांची तुलना होऊच शकत नाही. सल्लागाराने एक-दोन पानांचा तपशील लिहून द्यावा आणि सर्व कंत्राटदारांना त्याच तपशिलावर दर विचारायला सांगावे. त्यात कोणत्या खोल्या, किती चौरस फूट, किती पट्ट्या बदलायच्या, शेवटचा पेपर कोणत्या नंबरचा, पॉलिश कोणत्या प्रकारचे आणि किती हात, दोन हातांमध्ये किती तास आणि मधल्या घासणीची पद्धत, धूळ शोषण्याची व्यवस्था, कडपट्ट्या कोण काढणार व कोण बसवणार, हे सर्व यावे.

पॉलिशच्या निवडीत घरमालकाला खरी मदत लागते. तेलावर आधारित पॉलीयुरेथेन स्वस्त आणि टिकाऊ असते, परंतु ते लाकडाला पिवळसर झाक देते, त्याचा वास उग्र असतो आणि दोन हातांमध्ये सहसा रात्रभर थांबावे लागते. पाण्यावर आधारित पॉलिश काही तासांत सुकते आणि लाकडाचा रंग फारसा बदलत नाही. त्यातील उत्तम प्रकारांत वेगळा हार्डनर मिसळतात आणि मिसळल्यानंतर ते काही तासांतच वापरून संपवावे लागते. सध्या अनेक कुटुंबांना राखाडी किंवा फिकट रंग हवा असतो, पण लाल ओकची मूळ छटा गुलाबी असल्यामुळे चित्रात पाहिलेला रंग त्या जमिनीवर तसा येत नाही. म्हणून घासलेल्या जमिनीवरच किमान तीन रंगांचे नमुने, वर पॉलिशच्या हातासह, तयार करून घ्यावेत आणि ते सकाळी, दुपारी व रात्रीच्या दिव्यात पाहून मगच मान्यता द्यावी. ही अट तपशिलात लिहिलेली असेल तरच कंत्राटदार त्यासाठी अर्धा दिवस राखून ठेवतो.

कायद्याचा आधारही येथेच द्यावा. न्यू जर्सीत घरदुरुस्तीच्या कंत्राटदाराने राज्याच्या ग्राहक व्यवहार विभागाकडे नोंदणी केलेली असली पाहिजे. त्याचा क्रमांक १३व्हीएच (13VH) या खुणेने सुरू होतो आणि तो विभागाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. ५०० डॉलरपेक्षा मोठ्या कामाचे कंत्राट लेखी असावे लागते, त्यात कामाचे वर्णन, एकूण किंमत आणि सुरू व पूर्ण होण्याच्या तारखा असाव्या लागतात, आणि ग्राहकाला ते तीन कामकाजाच्या दिवसांत रद्द करण्याचा हक्क असतो. विम्याच्या प्रमाणपत्राची प्रत मागताना अनेक घरमालकांना संकोच वाटतो, म्हणून ती मागण्याचे काम आपल्या सेवेतच समाविष्ट करावे.

पाचवी पायरी : काम चालू असताना दोन भेटी

पहिली भेट घासकाम संपल्यावर आणि रंग किंवा पहिला हात चढण्यापूर्वी ठेवावी. चौकट, लाटा आणि ओरखडे दुरुस्त करण्याची ती शेवटची संधी असते. दुसरी भेट शेवटच्या हाताच्या आदल्या दिवशी असावी. तेव्हा धूळ, केस व बुडबुडे पाहता येतात. या भेटींत कामगारांशी आदराने बोलावे आणि आक्षेप घरमालकामार्फत मांडावेत.

आगीबाबत मात्र थेट बोलावे. पॉलिशमिश्रित भुसा आणि तेलाने भिजलेली फडकी आपोआप तापून पेटू शकतात, म्हणून मशीनची पिशवी रोज संध्याकाळी घराबाहेर धातूच्या डब्यात रिकामी करायला हवी आणि फडकी पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात ठेवायला हवीत. ज्वालाग्राही सॉल्व्हंटचे पॉलिश असेल तर गॅसच्या उपकरणांतील सतत पेटत्या राहणाऱ्या पायलट ज्योती बंद असाव्यात. २००४ आणि २००५ साली बॉस्टनच्या परिसरात लॅकर सीलरच्या (लाकडाची छिद्रे बंद करण्यासाठी पॉलिशआधी देण्याच्या हाताच्या) वाफा पेटून व्हिएतनामी स्थलांतरित कामगारांचे मृत्यू झाले, आणि त्यानंतर मॅसॅच्युसेट्स राज्याने अशा सीलरच्या व्यावसायिक वापरावर कायद्याने बंदी घातली. जमीन घासणारी माणसेही बहुधा आपल्यासारखीच दूर देशातून आलेली असतात. त्यांच्या सुरक्षिततेची अट तपशिलात लिहिणे हा सल्लागाराच्या कामाचाच भाग आहे.

सहावी पायरी : नोंदणी, व्हिसा आणि शुल्क

व्यवसायासाठी एलएलसी, म्हणजे मर्यादित दायित्वाची कंपनी, स्थापन करणे सोयीचे असते. न्यू जर्सीत त्याचे नोंदणी शुल्क १२५ डॉलर आहे आणि केंद्रीय करक्रमांक विनामूल्य मिळतो. आपल्या कामातील चुकांसाठीचा व्यावसायिक विमा घेतल्याशिवाय पहिला अहवाल देऊ नये. या राज्यात होम इन्स्पेक्टरला वेगळा परवाना लागतो, म्हणून तो शब्द आपल्या जाहिरातीत वापरू नये आणि आपल्या सेवेला कोणती नोंदणी लागू होते हे वकिलाकडून लेखी विचारून घ्यावे. एच-१बी व्हिसावरील व्यक्तीने मालक कंपनीव्यतिरिक्त असे काम करू नये, मग ते शनिवार-रविवारचे का असेना. एच-४, म्हणजे एच-१बीधारकाच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर ज्यांना कामाची परवानगी मिळाली आहे, त्यांना मात्र स्वतःचा व्यवसाय करता येतो. २०१५ पासून पात्र जोडीदारांना ती परवानगी मिळू लागली आणि घरी बसावे लागलेल्या अनेक सुशिक्षित स्त्रियांना हे काम मानवेल असे मला मनापासून वाटते.

शुल्क चौरस फुटांवर नव्हे, तर भेटीवर आकारावे. समजा ८०० चौरस फुटांचे काम ५ डॉलर दराने ४,००० डॉलरचे आहे. त्याच्या तुलनेत तपासणी, अहवाल आणि तपशील यांसाठी २५० डॉलर घरमालकाला जड वाटत नाहीत, आणि अहवालामुळे पूर्ण घासकामच टळले तर ते त्याला फार स्वस्त पडतात.

सातवी पायरी : पहिले ग्राहक आणि पुढची वर्षे

ग्राहक गाठण्याची योग्य वेळ घराचा सौदा ठरल्यापासून किल्ली मिळेपर्यंतच्या आठवड्यांची आहे. म्हणून घरखरेदीचे काम पाहणारे वकील आणि घरांचे परवानाधारक तपासनीस यांची ओळख करून घ्यावी. एडिसन आणि आसपासच्या गावांत मराठी वस्ती मोठी आहे. मंडळाच्या कार्यक्रमात अर्धा तास मागून पाण्याच्या थेंबाची चाचणी एखाद्या पट्टीवर करून दाखवली, तर कोणत्याही जाहिरातीपेक्षा अधिक फोन येतात. पहिले पाच अहवाल ओळखीच्या घरांत अल्प शुल्कात करावेत, पण विनामूल्य करू नयेत. फुकट मिळालेला सल्ला घाईच्या वेळी बाजूला ठेवला जातो.

काम संपल्यावर ग्राहकाला एक पानाची देखभाल-सूचना द्यावी. तेलावर आधारित पॉलिशवर साधारण महिनाभर गालिचा टाकू नये, फर्निचरच्या पायांना फेल्ट लावावा, जमीन ओल्या पोछ्याने किंवा वाफेच्या यंत्राने पुसू नये, आणि घरातील सापेक्ष आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवावी. शेवटच्या हाताची तारीख, पॉलिशचे नाव आणि मोजलेली जाडी आपल्या वहीत नोंदवून ठेवावी व दरवर्षी एकदा फोन करून पाण्याच्या थेंबाची चाचणी करायला सांगावी. तीन-चार वर्षांनी थेंब मुरायला लागल्याचे ग्राहकाने कळवले की लाकूड उघडे पडण्यापूर्वीच वरचा एक नवा हात देण्याची वेळ ठरवता येते, आणि त्या वेळी कोणते पॉलिश खाली आहे हे कोणालाही शोधत बसावे लागत नाही.